ट्रॉलीवरचा नंबर

दौंड
१२ मार्च २०२४

मामांना नमस्कार.

जयभीम लिहिणार होते. मग म्हटलं, पहिल्याच ओळीला पत्र फाटायला नको. पुढचं वाचलं जायला हवं.

मी अपेक्षा. निमोण्याच्या कोंडिबा ओव्हाळांची मुलगी, आणि पाच वर्षांपासून तुमच्या मुलाची, विश्वजीतची, बायको. तुम्ही माझा फोन घेत नाही म्हणून पत्र. माझ्यासाठी काही मागायचं नाही. त्याचं विचारायचं आहे.

तो सुदानमध्ये आहे हे गावातून तुमच्या कानावर आलंच असेल. साखर कारखान्यातलं त्याचं बॉयलरवरचं काम का गेलं ते तुम्ही जाणता. मग दुसरीकडं कुठं जमेना, म्हणून एजंटला धरून तो तिकडं गेला. एल ओबेद नावाचं शहर आहे, तिथं शेंगदाणा तेलाच्या मिलमध्ये. आमची मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती.

गेल्या एप्रिलात त्या देशाच्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या. परकं कुणी नाही, दोन्ही त्यांच्याच. आपल्या सरकारनं बंदरावरून पुष्कळ माणसं आणली, पण बंदर त्याच्यापासून फार लांब आणि रस्ते बंद. एक फौज शहराच्या आत बसलीय, दुसरी चारी बाजूंनी बाहेर. आत पीठ-मीठ यायचं तर बाहेरच्यांच्या मर्जीनं, माणूस बाहेर पडायचा तर तोही त्यांच्याच मर्जीनं. तरी विश्वजीत फोन करायचा. म्हणायचा, "अगं, हितं बी ज्वारीच खात्यात. पर आता पोत्यानं न्हाई, मुठीनं इकत्यात." हसायचा. तो हसला की मला जास्त भीती वाटायची.

फेब्रुवारीत त्या सगळ्या देशाचे फोन बंद पडले. तेव्हापासून काही नाही.

आता तुम्हाला का लिहिते ते सांगते. माझा नंबर त्याला पाठ नाही. लग्नानंतर तुमच्या भावकीतल्या पोरांनी फोन करकरून शिव्या घातल्या, त्यामुळं मला नंबर दोनदा बदलावा लागला. माझा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे, डोक्यात नाही. तुमचा डोक्यात आहे. तुमच्या ट्रॉलीच्या मागं पिवळ्या रंगात लिहिलेला. लहानपणी ट्रॉलीमागं सायकल धरून शाळेत जाताना तो रोज वाचायचा, असं त्यानंच मला सांगितलंय. त्याचा फोन गेला असेल, तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तो तुम्हालाच करील. दुसऱ्या कुणाला करणार?

तसा आला, तर फक्त "तो आहे" एवढं कळवा. माझा नंबर खाली लिहिला आहे. तुम्ही बोललं पाहिजे असं नाही. नुसता मिस्ड कॉल द्या, मी समजेन.

अपेक्षा


दौंड
२० मे २०२४

मामांना नमस्कार.

परवा मी तुमच्या दारात आले, त्याबद्दल रागावला नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

खरं सांगते, फाट्यावर उतरले तेव्हा परत फिरावंसं वाटलं. वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही जेसीबीनं मारलेला चर अजून आहे. त्यात आता वेड्या बाभळी आल्यात. आमचं लग्न झालं त्या आठवड्यात तो खणला. चक्कीवाल्यानं आमच्या वस्तीचं दळण घेणं बंद केलं, दुकानदारानं मीठसुद्धा दिलं नाही, डेअरीच्या गाडीनं दूध उचललं नाही. माझे आई-वडील दौंडला आले ते तेव्हाच. विश्वजीतनं एकदा फोनवर विचारलं होतं, "तुला घाबरायला हुतं का गं, हितलं ऐकून?" मी म्हटलं, वेढा कसा असतो हे मला निमोण्यात कळलंय.

पण हे उगाळायला मी आले नव्हते. ओट्याखाली उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, "वर ये. उन्हात नगं उभी ऱ्हाऊ." पाच वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. विश्वजीतच्या आईला, आत्यांना, पाणी आणायला सांगितलंत. घरातलाच तांब्या आणि पेला आला. मी पाणी पिताना माझे दात पेल्यावर वाजत होते, ते तुम्ही ऐकलं असेल.

मी विचारलं, "मामा, त्याचा काही फोन?"

"न्हाई."

"एकदासुद्धा?"

"न्हाई म्हंलं ना. आला तर कळवीन की. माझं बी लेकरूच हाय ते."

आत्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "आत जा, झुंबर." त्या गेल्या.

परतीच्या गाडीत मी रडले, पण बऱ्या अर्थानं रडले. माणूस बदलतो, असं वाटलं. आईला घरी येऊन सांगितलं, मामांनी वर बसवलं, पाणी दिलं. आई म्हणाली, "पाण्यानं एवढी भुलू नकोस." मी तिच्यावर चिडले.

तुमचे उपकार आहेत. आला तर कळवा.

अपेक्षा


दौंड
१८ ऑगस्ट २०२४

सोपानराव,

जयभीम.

फोन आला होता. एकदा नाही, दोनदा. मला कळलंय. कुणाकडून, ते विचारू नका आणि घरात शोधूही नका.

पहिला एप्रिलात. म्हणजे मी तुमच्या ओट्यावर पाणी पीत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तो जिवंत आहे. तुम्ही त्याचा आवाज ऐकलेला होता. मी विचारलं, एकदासुद्धा? आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालात. ते पाणी तुम्ही मला का पाजलंत, आता कळतंय. माणसाला मारणारे तेवढं करतातच.

तो काय म्हणाला तेही मला माहीत आहे. शहरातून बाहेर पडताना नाक्यावर बाहेरच्या फौजेनं त्याला आणि त्याच्या जोडीदाराला धरलं, फोन आणि पासपोर्ट काढून घेतले आणि मागं हाकललं. आता व्यापाऱ्यांच्या लॉऱ्यांना दोन्ही फौजा वाट देणार होत्या. पण परका माणूस दिसला की हा भाड्यानं लढायला आलाय असा संशय घेतात, म्हणून लॉरीवाला म्हणाला, तू कोण आहेस याचा काहीतरी कागद दाखव. पासपोर्टची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. तिचा मोबाईलवर फोटो काढून त्या नंबरवर पाठवायचा. बस. कुठल्या साहेबाला भेटायचं नव्हतं. कुणाच्या पाया पडायचं नव्हतं. तुम्ही फक्त मला सांगायचं होतं.

"सांगतो," म्हणालात तुम्ही त्याला.

जूनमध्ये त्यानं परत केला. अपेक्षानं फोटो का पाठवला नाही, विचारलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "तिनं दुसरं घर केलंय. मी सोता दौंडला जाऊन बघून आलोय. पोरीला बी भेटलो. तू मोकळा झालास आता. तुझं कागदाचं मी बघतो, आमदाराकडनं करून घेतो, तू सरळ हिकडं घरी ये." त्यानंतर तो काहीतरी बोलला आणि तुम्ही फोन ठेवलात. काय बोलला ते तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाही.

मी यावर खूप विचार केला. तुम्हाला तो मेलेला नको होता. जिवंतच हवा होता, पण माझ्याशिवाय. वेढ्यातून निघाला की सरळ तुमच्या वाड्यावर यावा, तुमच्या भावकीतली मुलगी करावी, आणि मी नि माझी मुलगी कधी नव्हतोच असं व्हावं. तेवढ्यासाठी तुम्ही त्याला आत ठेवलंत. बाहेरच्या फौजेनं नाका धरला होता, तुम्ही फोन धरलात.

लॉऱ्या जुलैत निघणार होत्या, असं तो फोनवर म्हणाला होता; त्या गेल्याही असतील. पुढच्या जातील न जातील.

आता शिव्या देऊन काही होणार नाही, म्हणून एवढंच मागते. तो परदेशी नंबर तुमच्या मोबाईलमध्ये असेल. तो मला द्या. मी फोटो पाठवते. तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही जे सांगितलंत तेही त्याला खोडून सांगणार नाही, हवं तर त्याला वाटू दे मी दुसरं घर केलं. तो तुमच्याकडं येऊ दे. मी मध्ये येणार नाही, लिहून देते. नंबर द्या, सोपानराव.

अपेक्षा


दौंड
९ नोव्हेंबर २०२४

सोपानराव,

आत्या माझ्याकडं आहेत. शोधाशोध करू नका, पोलिसांतही जाऊ नका.

तुम्ही शोधलंतच शेवटी. मी शोधू नका लिहिलं होतं. डोळे तपासायला म्हणून दौंडच्या दवाखान्यात आलेली बाई सुनेच्या घरी जाऊन आली, एवढ्यावर तुम्ही तिच्यावर हात उचललात. आत्यांचा डावा कान अजून दुखतो. मी डॉक्टरांना दाखवला, त्यांनी विचारलं कशानं झालं, आत्या म्हणाल्या, "रेड्यानं डोकं मारलं." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलले मी."

त्या एक पिशवी घेऊन आल्यात. त्यात दोन लुगडी, विश्वजीतचा शाळेतला एक फोटो आणि चिठ्ठीवर तो नंबर. तुमच्या भावानं, बबनरावांनी लिहून दिला. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. त्यांच्यावर चिडू नका. तुमच्या घरात अजून एक माणूस आहे, हे माझ्यासाठी बरंच झालं.

मी लगेच फोटो पाठवला. मग माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, मग मुलीचा. एकच टिक. रोज बघते, एकच टिक. फोन लावला तर तिकडच्या भाषेत एक बाई काहीतरी सांगते आणि तुटतो.

आत्या रात्री झोपत नाहीत. मुलगी त्यांना आधी लाजत होती. काल त्यांच्या मांडीवर चढली आणि बांगड्या मोजायला लागली. आत्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हिला मांडीवर न घेताच मेले असते की गं मी." मग तुम्हाला एक शिवी दिली. ती मी इथं लिहीत नाही.

आत्या परत येणार नाहीत. मी त्यांना ठेवून घेतलेलं नाही. मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या घरात जायचं तर पोराला इचारून जाईन."

अपेक्षा


दौंड
६ एप्रिल २०२५

सोपानराव,

बबनराव काल येऊन गेले. त्यांनी मला फाट्यावरच्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. भावपूर्ण श्रद्धांजली. विश्वजीतचा कॉलेजातला फोटो, खाली शोकाकुल म्हणून तुमची सगळी भावकी, सोसायटीचे सदस्य, मित्रमंडळ. मी नाही. मुलगी नाही. त्याला जन्म दिला ती बाईसुद्धा नाही. आत्यांनी फोटो मोठा करून करून आपलं नाव शोधलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि तांदूळ निवडायला बसल्या.

तो गेल्याचं आत्यांनी बबनरावांना फोनवर कळवलं, आणि तुम्ही त्यांच्याकडून विचारलंत की तो शेवटी काय म्हणाला. माझ्याबद्दल काही बोलला का, असं. ते सांगायला हे पत्र.

फेब्रुवारीच्या शेवटी वेढा सुटला, हे तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. त्याचा जोडीदार रामाशीष, बिहारचा, मिलमध्ये फिटर होता. तो मार्चअखेर भारतात आला. मुंबईहून गावी जाणारी थेट गाडी सोडून तो आधी दौंडला उतरला. माझा नंबर त्याच्याकडं नव्हताच. विश्वजीत त्याला सांगायचा, दौंड स्टेशनच्या अलीकडं रेल्वेच्या क्वार्टर आहेत, त्यांच्या मागं ओव्हाळ विचारायचं. तो विचारत आला. आमच्या दारात उभा राहिला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण कोण ते बघताक्षणी कळलं, आणि तो एकटा आहे हेही दिसलं.

विश्वजीत ऑक्टोबरमध्ये गेला. गोळी नाही, गोळा नाही. ताप. पाऊस संपताना तिकडं मच्छर फार होतात. दवाखाना होता, डॉक्टर होते, औषध नव्हतं. औषधाच्या गाड्या नाक्याबाहेर उभ्या. रामाशीष म्हणाला, "भाभी, हमारे यहाँ जो गोली सरकारी अस्पताल में मुफ़्त मिलती है, उसी के लिए मरा." मिलच्या मागं राहणाऱ्या लोकांनी त्याला न्हाऊ घातलं आणि त्यांच्या दफनभूमीत जागा दिली. त्यांच्या स्वतःच्या पोराबाळांना तिथं जागा पुरत नव्हती. जात कुणी विचारली नाही. धर्मसुद्धा विचारला नाही, कुठल्या अंगाला निजवायचं तेवढं विचारलं. रामाशीषला माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीनं निजवलं.

आणि हेही ऐका. रामाशीषच्या घरून त्याच्या पासपोर्टचा फोटो वेळेत आला होता. जुलैच्या लॉरीत त्याला जागा मिळाली होती. तो चढला नाही. विश्वजीतला म्हणाला, अगली गाड़ी में दोनों। पुढची लॉरी निघालीच नाही. बिहारच्या त्या माणसाला तुमचं पोर टाकून जाववलं नाही.

आता तुमच्या फोनचं.

तुम्हाला वाटत असेल, त्यानंतर त्याचा फोन आला नाही कारण नेट बंद असेल. नेट होतं. उपग्रहावरून नेट देणारं एक दुकान होतं, लोक तिथं रांग लावून घरी बोलायचे. ज्या दिवशी तुम्ही सांगितलंत की तिनं दुसरं घर केलं, मी सोता बघून आलोय, पोरीला बी भेटलो, त्या दिवशी रामाशीष त्याच्या शेजारी उभा होता. विश्वजीत म्हणाला, "पोरीचं नाव काय सांगितलं तिनं, आबा?"

तुम्ही फोन ठेवलात.

नाव तुम्हाला माहीतच नव्हतं. मी तोवरच्या दोन्ही पत्रांत ते लिहिलं नव्हतं, आणि मी ओट्यावर बसले होते तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. तिचं नाव उत्पला आहे.

रामाशीषला वाटलं, हा आता रडेल. तर विश्वजीत म्हणाला, "मेरा बाप झूठ बोला। मतलब वो वहीं है, मेरी राह देख रही है।" आणि त्या दिवशी तो जेवला. कित्येक दिवसांनी पोटभर जेवला, म्हणे. मी ते ऐकलं तेव्हा मला काय झालं ते लिहिता येणार नाही. तो माझ्याबद्दल खोटं मनात घेऊन बसला असेल, या विचारानं मी आठ महिने जळत होते. तो घेऊन गेला नाही. एवढं एक त्यानं मला ठेवलं.

रामाशीष त्याला म्हणायचा, परत लाव, आईला फोन द्यायला सांग, आई सांगेल बायकोला. रोज म्हणायचा. शेवटी विश्वजीत एकदा चिडून म्हणाला, "अब नहीं। उनसे फिर झूठ बुलवाऊँ क्या?" बाप परत खोटं बोलेल आणि आपल्याला परत ते ऐकावं लागेल, याची त्याला लाज वाटत होती. तुमची लाज. तुम्हाला न वाटलेली लाज त्यानं वाटून घेतली आणि त्या लाजेपायी नंबर लावला नाही. एक फोन केला असता आणि तो आत्यांनी उचलला असता, तर कोण जाणे. पण त्यानं केला नाही.

आत्या काल रात्री म्हणाल्या, "लिही, पोरगं तुमच्यावर रागावलं न्हवतं म्हणून. म्हातारं झालंय ते. झोपत न्हाई, बबन म्हणत हुता." कान फोडून घेतलेली बाई असं म्हणते. मी लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. तो रागावला होता का, मला माहीत नाही. रामाशीषनंही सांगितलं नाही. तुम्हाला झोप यावी म्हणून मी त्याच्या तोंडी वाक्य घालणार नाही.

इथं चार दिवसांपूर्वी आम्ही विहारात त्याच्यासाठी वंदना घेतली. आत्या पहिल्यांदाच विहारात आल्या. बुद्धमूर्तीसमोर काय म्हणायचं त्यांना कळेना, तर त्यांनी नुसतं "माझा विश्वा" एवढंच म्हटलं, चार-पाच वेळा. कुणी त्यांना थांबवलं नाही.

तुम्ही तिकडं काय करायचं ते करा. फ्लेक्स ठेवा की काढा, त्यात मला नाव नको.

एक मात्र तुम्हाला करावं लागेल. उत्पला रोज विचारते, बाबा का आले नाहीत. आत्या म्हणतात, लढाई होती म्हणून सांग. ते खोटंही ठरणार नाही. पण मी तिला काही सांगितलेलं नाही, कारण हे उत्तर मी देण्याचं नाही. दौंडला या. तिच्यासमोर बसा आणि तिला कळेल अशा शब्दांत सांगा, तुझा बाप का आला नाही. आत्या दार उघडतील. मी बाहेर जाऊन उभी राहीन. तुम्ही काय सांगता ते मी ऐकणार नाही, नंतर तिच्याकडून ऐकेन.

आणि नाही आलात, तर मी तुम्हाला पुन्हा लिहिणार नाही. ती मोठी होईल, वाचायला लागेल, एक दिवस एकटी गाडीत बसून निमोण्याला येईल आणि तुम्हाला स्वतः विचारील. तोवर तुम्ही जगा. चांगले धडधाकट जगा. तुमच्यासाठी माझी एवढीच इच्छा उरलीय.

अपेक्षा